जिजींची सुंठीची बिस्किटं

देवळात आरती चाललेली असायची, सगळ्यांचे हात टाळ्या वाजवण्यात गुंतलेले, आणि जिजी माझ्या कानाशी येऊन विचारायच्या, "शोभा, गॅस बंद केला ना गं मी?"

मी डोळे न उघडताच सांगायची, "केला."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

मी कशाला पाहायला जाते? पण देवासमोर उभं राहून खोटं बोलायची वेळ त्या माझ्यावर दर गुरुवारी आणायच्या. एवढं करूनही त्यांचं भागायचं नाहीच. आरतीचं ताट आमच्यापर्यंत येईस्तोवर जिजी चपला घालून घरी पोचलेल्या असायच्या. परत यायच्या तेव्हा प्रसाद संपलेला. "बंद होता," एवढंच म्हणायच्या आणि माझ्या हातातला अर्धा पेढा खाऊन टाकायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. सगळ्याला घाबरणारं. जिजी विजेला घाबरायच्या, लिफ्टला घाबरायच्या, कुत्र्याला तर घाबरायच्याच पण कुत्रं दिसलं नाही तर ते कुठे दडून बसलंय म्हणून जास्त घाबरायच्या. शनवाऱ्याकडचा गर्दीचा रस्ता ओलांडायचा झाला तर माझा दंड असा धरायच्या की घरी आल्यावर बोटं उमटलेली दिसायची. मी तोंडाची फटकळ. चारचौघांत त्यांची थट्टा करायची. त्याही हसायच्या, पण माझा दंड काही सोडायच्या नाहीत.

त्यांचे यजमान कागद कारखान्यात होते. मूळची माणसं जळगावकडची, कारखान्याच्या वसाहतीत संसार झाला, आणि निवृत्तीनंतर बुऱ्हाणपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं. दोन-चार वर्षांतच यजमान गेले. एकुलता मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. गुणाचा पोरगा, उगाच नावं ठेवणार नाही. दर सुट्टीत यायचा आणि म्हणायचा, "आई, चल आता माझ्याकडे." जिजी म्हणायच्या, "पुढच्या वेळी बघू." तो गेला की मला म्हणायच्या, "तिथे मी पाहुणी गं. पाहुणीला कोण गॅसपाशी जाऊ देतं?"

आता गंमत बघा. ज्या बाईला गॅसची एवढी धास्ती, तिचा जीव सगळा त्या गॅसपाशीच. आणि त्यातही जीव सुंठीच्या बिस्किटांत.

ही बिस्किटं त्या वसाहतीत शिकल्या. कारखान्याच्या दवाखान्यात केरळच्या एक नर्सबाई होत्या, त्या नाताळात करायच्या. आलं, दालचिनी, लवंग घातलेली, तपकिरी, खुसखुशीत. नर्सबाई त्यांना माणसांचे आकार द्यायच्या. हातपाय, डोकं, मनुकांचे डोळे. जिजींनी सगळी कृती जशीच्या तशी उचलली, फक्त माणसं काढून टाकली. "माणसं कशी भाजायची गं? काही बरंवाईट झालं म्हणजे?" त्यांनी वाटीने गोल कापले, सुरीने पानं कापली, साखरेच्या जागी गुळाचा पाक आला, आल्याच्या जागी सुंठ, आणि नाताळातली बिस्किटं दिवाळीत आली. आमच्या गल्लीत फराळाच्या ताटात चकली नसली तर चालायचं, जिजींचं बिस्किट नसलं की लोक विचारायला यायचे.

पूर्वी आमच्याकडच्या बायका दिवाळीआधी पिठाचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या. आपलं पीठ, आपलं तूप, त्यांची भट्टी. जिजी एकदा गेल्या आणि भट्टीतला जाळ बघून डबा तिथेच टाकून परत आल्या. तेव्हापासून घरीच. मोठ्या जाड पातेल्यात तापीची रेती, त्यावर तिवई, तिवईवर बिस्किटांची थाळी, वर घट्ट झाकण, खाली मंद आच. झाकण मात्र मध्ये उघडायचं नाही. उघडलं की आतली ऊब गेली आणि बिस्किट बसलं. मग झालं कसं ते कळायचं कशावरून? वासावरून. आधी तुपाचा वास येतो, मग गुळाचा, आणि सगळ्यात शेवटी सुंठ वर येते. सुंठ आली की लगेच गॅस बंद. जिजी पाटावर बसून अशा वाट बघायच्या की आपणही गप्प बसावं.

मग कोरोना आला. जिजींना झाला तसा आम्हालाही झाला. आम्ही सगळे उठलो, त्याही उठल्या. त्यांचं नाक तेवढं उठलं नाही.

हे मला कितीतरी महिने माहीतच नव्हतं. त्या दिवाळीत बिस्किटं काळी झाली तर म्हणाल्या, गूळ खराब निघाला. पुढे एकदा दुपारी आमच्या घरात करपलेल्या दुधाचा असा वास सुटला की मी माझाच गॅस बघून आले. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत वर एक झरोका आहे, वास तिकडून येत होता. जाऊन बघते तर पातेलं कोळसा झालेलं, आणि जिजी त्याच खोलीत, पातेल्यापासून दोन हातांवर, पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडतायत.

मी म्हटलं, "जिजी, दूध जळालं."

त्या वळल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेल्या जिजी मी रोज बघत होते, पण हे काही वेगळंच होतं. उठून त्यांनी आधी दाराची कडी लावली.

"मला वास येत नाही गं. कशाचाच नाही. प्रशांतला सांगू नको."

"अहो, पण डॉक्टरला तरी..."

"दाखवलं. म्हणाले येईल. नाही आला." मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्याला कळलं तर तो मला एक दिवस इथे ठेवायचा नाही. तुला माझी शपथ आहे."

सांगायची गोष्ट ही की त्या दिवसापासून भीती माझ्या घरात राहायला आली. विचार करा. भिंतीपलीकडे एक बाई, तिच्याकडे गॅसची टंकी, आणि गळती झाली तर तिला कळणारच नाही. आमची घरं जुनी, एकमेकांना टेकून उभी. एकाला काही झालं तर दुसरं सुटायचं नाही. मी भाजी चिरताना हुंगायची, आंघोळ करताना हुंगायची. आमचे हे म्हणायचे, "तुझं डोकं फिरलंय." शपथ घातलेली, यांनाही काही सांगायची सोय नाही.

शेवटी आम्ही दोघींनी एक रीत पाडली. गॅस पेटवायच्या आधी जिजी झरोक्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या, "शोभा, बघ गं." मी त्यांच्या दारात जायची, जमिनीपाशी वाकून वास घ्यायची, आणि म्हणायची, "पेटवा." मगच लायटरचा आवाज यायचा. सकाळी चहाला, दुपारी स्वयंपाकाला, संध्याकाळी पुन्हा. बिस्किटांच्या वेळी तर मी पातेल्यापाशी बसूनच असायची. "आता काय?" "तूप." "आता?" "गूळ आला जिजी." "सुंठ?" "थांबा... आली." त्या झटक्यात बटण फिरवायच्या. बिस्किटं पुन्हा पहिल्यासारखी झाली. गल्लीला पत्ता नाही.

मी चिडायची नाही असं नाही. हातातलं काम टाकून दिवसातून तीनदा दुसऱ्याच्या घरी जमीन हुंगायला जाणं म्हणजे काय ते करून बघा. एकदा गावाला धूलकोटला लग्न होतं, मी दोन दिवस नव्हते. परत आले तर जिजींचा चेहरा उतरलेला. दोन दिवस पोहे भिजवून खाल्ले होते, गॅसला हात लावला नव्हता. मी खूप बोलले त्यांना. त्या म्हणाल्या, "तू नव्हतीस ना."

मग ती दिवाळी आली. माझी लेक बाळंतपणाला आली होती, बाळ जेमतेम पंधरवड्याचं. बाळ-बाळंतिणीची खोली जिजींच्या भिंतीलाच लागून. आमच्या रीतीप्रमाणे दारं-खिडक्या बंद, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि ओवा-शेपाची धुरी. घरभर तोच वास. त्यात मला सर्दी झालेली, नाक पार चोंदलेलं, डोकं जड.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी हाक आली. "शोभा, बघ गं."

मी गेले. जिजींनी पहाटेपासून पीठ मळून, लाटून, बिस्किटं कापून ठेवलेली. थाळ्या तयार, पातेल्यात रेती, हातात लायटर. सकाळच्या गारठ्यामुळे खिडकी बंद होती.

"जिजी, आज मला काही कळायचं नाही," मी म्हटलं. "नाक बंद आहे."

त्यांनी लायटर ओट्यावर ठेवला. "मग राहू दे. उद्या करू."

मला घरी ढीगभर काम. लेकीची आंघोळ, बाळाचं तेल, डिंकाचे लाडू अर्धवट. आणि उद्या पुन्हा हेच. मी वैतागले. "अहो, रोज हुंगते मी. आजपर्यंत कधी काही निघालं का? आजच नेमकं काय होणार आहे? आणा इकडे, मी पेटवते."

मी लायटर उचलला आणि दुसरा हात बटणाकडे नेला. जिजींनी माझं मनगट धरलं. किती जोरात धरलं म्हणून सांगू. त्या काडीएवढ्या बाईत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"नाही शोभा. नाकाशिवाय नाही."

"सोडा जिजी."

"नाही."

दोन म्हाताऱ्या बाया लायटरवरून झोंबतायत, असं ते दृश्य. मी नको ते बोलले. म्हटलं, "तुमच्या भीतीपायी माझ्या जिवाला दोन वर्षं स्वस्थता नाही. असं घाबरून जगण्यापेक्षा पुण्याला गेलात तर बरं." त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मनगट मात्र सोडलं नाही. माझं डोकं गरगरत होतं, मी म्हटलं सर्दीचं.

तेवढ्यात दारात झेंडूची टोपली घेऊन फुलवाली आली. दापोऱ्याची, दर सणाला येते. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तशीच मागे सरली.

"ओ जिजी, केवढी बास मारतेय गॅसची. बाहर निघा आधी, बाहर निघा."

माझ्या हातात लायटर होता. तो खाली ठेवायचंही मला सुचेना. बोटंच उघडेनात. आम्ही दोघी केव्हापासून त्या खोलीत उभ्या होतो, जिजींना नाक नाही, मला सर्दी, आणि मी हट्टाने पेटवायला निघालेली. हे सगळं मला एकदम कळलं आणि पाय जमिनीला चिकटले.

जिजी ओरडल्या नाहीत. एकच शब्द म्हणाल्या, "शेगडी."

मला अर्थ लागायच्या आत त्या माझ्या शेजारून निघून गेल्याही होत्या. ज्या बाईला रस्ता ओलांडताना माझा दंड लागायचा, ती बाई पदर खोचून माझ्या घरात पळत गेली, खाटेवरून बाळ उचललं, लेकीला हाताला धरून ओढलं, आणि दोघांना घेऊन थेट गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. इकडे फुलवालीने टंकीचं बटण बंद केलं, खिडकी उघडली, मला दंडाला धरून बाहेर आणलं. समोरच्या घरातल्या माणसाने आमच्या शेगडीवर राख टाकून ती अंगणात नेली. नंतर बघितलं तर टंकीची नळी उंदराने कुरतडलेली होती.

काहीही झालं नाही. भिंत पडली नाही, कोणाला खरचटलं नाही. पण गल्लीच्या तोंडाशी जिजी बाळाला छातीशी धरून उभ्या होत्या, आणि बाळ त्यांच्या हातातून घ्यायला गेले तर त्यांना सोडताच येईना. एकेक बोट मी सोडवलं.

आता लपवायचं काय राहिलं होतं? गल्लीभर झालं. भाऊबिजेला प्रशांत आला, माझ्यासमोर बसला आणि सरळ विचारलं, "मावशी, आईला वास येत नाही का?" मी हो म्हटलं. आत जिजी ऐकत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "बरं केलंस. बाळ होतं पलीकडे." शपथेचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

प्रशांतने मधला मार्ग काढला. आईला घरातून हलवायचं नाही, गॅस हलवायचा. टंकी गेली, गॅसची शेगडी गेली, ओटा मोकळा झाला. दोन वेळचा डबा लावून दिला. आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो. जिजींना घर राहिलं आणि आम्हाला झोप राहिली.

मला खरंच झोप लागायला लागली. जिजींची उडाली. सकाळी उठून ओटा पुसायच्या. पुसायला काही नसायचं तरी पुसायच्या. डब्यातलं गार वरण तसंच खायच्या. "गरम करून देते," म्हटलं तर "कशाला, मला वास थोडाच येणार आहे." विजेवरची शेगडी आणू म्हटलं तर करंट लागेल म्हणून नको. मी स्वयंपाक करत असले की येऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. "आत या ना जिजी," म्हटलं की मान हलवायच्या. "नको. माझ्यामुळे तुझ्या घरात काही झालं म्हणजे?" मला तेव्हा फार भीती वाटायची. गॅसची नव्हे. त्या अशाच बाहेर उभ्या राहून राहून एक दिवस दिसेनाशा होतील याची.

पुढची दिवाळी तोंडावर आली आणि एका दुपारी जिजींनी स्वतःच प्रशांतला फोन लावला. मी तिथेच होते. म्हणाल्या, "मला घेऊन जा." तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "नाही रे, बरी आहे. दिवाळीला ओटा असा बघवत नाही."

फोन ठेवल्यावर मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, माझ्याकडे करा बिस्किटं, माझा गॅस, माझं नाक. त्या नुसत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग मी ठरवलं, आपणच करायची आणि बरोबर द्यायची. जिजींकडून पातेलं, रेती, तिवई सगळं आणलं. त्या निघायच्या दिवशी सकाळी करायला घेतली. एवढ्या वेळा शेजारी बसून वास सांगितले होते मी, मला वाटलं त्यात काय आहे. पण बटण फिरवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. वाकून जमीन हुंगली. पुन्हा हुंगली. पेटवल्यावर समोर बसले तर तूप कुठलं, गूळ कुठला, मला काही सुधरेना. सुंठ आली असं वाटायचं आणि नाही असंही वाटायचं. झाकण तर उघडायचं नाही. बाहेर प्रशांतच्या गाडीचा हॉर्न वाजला. घाईघाईत बिस्किटं काढली आणि गरम होती तशीच डब्यात भरली.

जिजी गाडीत बसल्या होत्या. मागे प्रशांतच्या दोघी मुली. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकण उघडून एक बिस्किट हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि चाखून बघितलं. सगळी गल्ली बघत होती. मला म्हणाल्या, "मस्त झालीत गं. माझ्यापेक्षा चांगली."

गाडी वळेपर्यंत मी उभी होते. मग घरात येऊन रडले, चांगली हुंदके देऊन रडले. आमच्या ह्यांनी पाणी आणून दिलं.

थाळीत दोन बिस्किटं उरली होती. संध्याकाळी त्यातलं एक तोंडात टाकलं आणि थुंकून दिलं. खालून पार करपलेलं होतं. कडूजहर.

रात्री पुण्याला पोचल्यावर प्रशांतचा फोन आला. प्रवास नीट झाला म्हणाला. मग हसून म्हणाला, "मावशी, आई रस्ताभर तुमचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. पोरींनी किती मागितलं, एकसुद्धा दिलं नाही. एकटीने खाल्ली सगळी. असं ती कधी करत नाही."

मी फोन ठेवला. जिजींचं नाक गेलं होतं. जीभ नव्हती गेली.